डबीवर नाव तुमचं होतं

अहो,

त्या दिवशी नळाला आठ दिवसांनी पाणी आलं होतं. माझी एक टाकी भरून झाली होती, दुसरीत नळी सोडली होती. एकीकडं भाकरीचं पीठ मळायचं राहिलं होतं. तुमची दुसरी पाळी, म्हणून तुम्ही मोरीपाशी बसून निवांत दात घासत होतात. मधेच खोकलात आणि माझ्याकडं चोरून पाहिलंत. आठवतंय का? तेवढ्यात दारात शबाना उभी राहिली. आरोग्य केंद्रातली, गळ्यात ओळखपत्र, हातात रजिस्टर.

तीन वर्षं झाली त्या सकाळला. मी आजवर तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. वाळूजच्या कंपनीच्या बसनं रोज जाणाऱ्या आणि रोज घरी येणाऱ्या माणसाला काय पत्र लिहायचं? पण या मंगळवारी एक यादी वाचली आणि राहवेना. आपण दोघांनी केलेली गोष्ट मग एकट्या मलाच ठाऊक राहिली होती. कुणापाशी बोलणार होते?

"काकू, घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला?" शबानानं विचारलं होतं.

मी म्हटलं, "नाही गं."

तुम्ही नेमके तेव्हाच खोकलात!

"मग आत काय कोंबडा आरवला?" ती हसली. तुम्हीही हसलात, आणि हसता हसता पुन्हा खोकलात. मग तिनं डबी काढली, त्यावर तुमचं नाव लिहिलं आणि बजावलं, "सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, खोल छातीतून. थुंकी नको काका, बेडका पाहिजे."

तुम्ही विचारलंत, "अख्ख्या शहरात माझ्याच दारात आलीस व्हय?"

"सगळं शहर कुठं तपासता येतंय काका? काही गल्ल्या निवडल्यात. इथं जेवढे निघतील, त्यावरून शहरात औषधाविना किती जण फिरतायत त्याचा अंदाज लावणार."

"म्हंजी शितावरून भाताची परीक्षा," तुम्ही म्हणालात. तिला ते फार आवडलं. तिनं रजिस्टरच्या कडेला लिहूनसुद्धा घेतलं.

ती गेली आणि तुमचा चेहरा उतरला. तुमच्या बसमधला, कंपनीत पॉलिशचं काम करणारा तो माणूस तुमच्या डोळ्यांपुढं आला असणार. त्यानं टीबीच्या गोळ्या घेतल्या, बरा झाला, कामावर परत आला. तरी त्याच्या शेजारची जागा रिकामीच राहायची. त्याच्या डब्यातली भाजी कुणी घेईना, आपली त्याला देईना. गेटजवळ एकटा बसून जेवायचा. "मेलेलं परवडलं, पण एकट्यानं डबा खाणं नको," असं तुम्ही किती वेळा म्हणालात!

आता मी रोज एकटी जेवते. हे तुमच्या मनात आलं नाही का हो?

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही डबी माझ्यापुढं धरलीत. "तूच भर की. तुला सर्दी झालीच हाय. बेडक्यावर काय नाव असतंय व्हय?"

मी भरली. तुमच्यावर ढकलत नाही, हात माझे होते. पाट्या आणि पुड्यांचे कागद वाचत वाचत मी अक्षरं शिकले, तुम्ही मला कौतुकानं मास्तरीण म्हणायचात. टीबी बरा होतो, गोळ्या फुकट मिळतात, हा केंद्रातला कागद मीच तुम्हाला वाचून दाखवला होता. वाचता येणाऱ्या बाईनं हे केलं.

आठवड्यानं शबाना रिपोर्ट घेऊन आली. "काका, काही नाही निघालं!" तिलाच किती आनंद झाला होता.

आणि मग तुम्ही जे केलंत, ते मला अजून समजत नाही. तुम्ही त्या कागदावर विश्वास ठेवलात! पहिले काही दिवस आपण चोरून हसलो. पुढं तुम्ही तो घडी करून खिशात ठेवायला लागलात. बसमध्ये कुणी खोकल्यावरून टोमणा मारला की दाखवायचात. अंगावरचे कपडे सैल झाले तरी म्हणायचात, "सरकारनं तपासलंय मला. कंपनीची धूळ हाय ही." मी एकदा म्हटलं, "अहो, तो कागद माझा आहे." तुम्ही माझ्यावर ओरडलात. आयुष्यात पहिल्यांदा. आणि मी गप्प बसले. का बसले? खरं सांगू? मलाही तो कागद खरा वाटायला हवा होता.

रक्त पडलं तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी तपासलं होतं का? तुम्ही धापा टाकत खिशातून तीच घडी काढलीत. मी खाटेच्या कठड्याला धरून उभी होते. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तिथल्या तपासणीत टीबीच निघाला. अकरा दिवसांनी तुम्ही गेलात. गल्लीत मी निमोनिया सांगितला.

तेराव्यानंतर शबाना आली. तिला वरच्यांनी बोलावून विचारलं होतं, डब्यांची अदलाबदल केलीस का? माझ्यापुढं बसून ती रडवेली झाली. "काकू, मी नाव नीट लिहिलं होतं ना? त्या दिवशी माझ्या पिशवीत लई डब्या होत्या. माझ्याच हातून चुकलं असंल." मी तिला चहा दिला. पाठीवरून हात फिरवला. खरं मात्र सांगितलं नाही. एवढी निर्दयी मी कधी झाले?

या मंगळवारी बीपीच्या गोळ्या आणायला केंद्रात गेले. भिंतीवर यादी लावली होती. छातीचा फोटो काढणारी गाडी कोणकोणत्या गल्ल्यांत येणार त्याची. मी वरून खाली दोनदा वाचली. आपली गल्ली नव्हती. खिडकीतल्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "मागच्या मोजणीत तुमच्याकडं एकही निघाला नाही बाई. जिथं निघाले तिथं आधी."

आणि शेजारची कमल महिनाभर खोकतेय. शेंद्र्याला कंपनीत जाते. मी तिला म्हटलं, "जा गं, दाखवून ये."

ती म्हणाली, "आपल्या गल्लीत नाय तो आजार काकू. तपासून गेलेत ना!"

अहो, आपल्याला वाटलं होतं, आपण एका माणसाला लपवतोय. पण आपल्यावरून किती घरं मोजली असतील? किती कमला निरोगी ठरल्या असतील? तुम्हीच म्हणाला होतात ना, शितावरून भात!

रागावू नका. तुमचं नाव आता या आजाराशी जोडलं जाईल, तुमच्या बसमधल्या माणसांपर्यंतही जाईल. तुम्हाला ते नको होतं हे मला माहीत आहे. पण कमलच्या खोकल्यापुढं मी ते जपू शकत नाही. यापुढं कुणीही विचारलं तर निमोनिया म्हणणार नाही, हा माझा शब्द.

यादी आणि कमलचं बोलणं, हे मंगळवारचं. दुसऱ्या दिवशी मी कमलला सोबत घेऊन केंद्रात गेले. शबानाला तिच्या साहेबांसमोर बोलावून घेतलं, खरं काय ते सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलेल्या कागदाखाली सही केली.

तुमची,
मास्तरीण