भिंतीकडची बाजू

४ मार्च
आलो बाई एकदाचे! ठकी कडेवर, बॅग खांद्यावर. जिने चढताना जीव मेटाकुटीला आला, पण ताईने दार उघडलं आणि शीण पळाला. आम्ही सख्ख्या बहिणी, सख्ख्या भावांना दिलेल्या, म्हणजे जावाही. डॉक्टर म्हणाले, दोन्ही घराण्यांच्या रक्तातूनच आलंय, म्हणून दोघींच्या लेकी सारख्याच. तीन वर्षांच्या झाल्या तरी अंग लुळं, मान धरत नाहीत, बोलत नाहीत. ठकी माझं बोट तेवढं घट्ट धरते. इथे व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी येतात, म्हणून ह्यांनी आम्हाला पाठवलं. खोलीत छान ऊन येतं.

७ मार्च
बाईंची तऱ्हाच न्यारी. ताईची मनी आणि ठकी, दोघींना एकाच सतरंजीवर समोरासमोर झोपवायचं आणि तळव्याला तळवा लावून मऊ फडक्याने बांधायचं. एकीचं बघून दुसरी शिकते म्हणे. मनी भिंतीकडे, ठकी दाराकडे. जागा बदलायच्या नाहीत, असं दोनदा बजावलं.

१५ मार्च
मनीने मान धरली! ताई नाचलीच. मीही टाळ्या वाजवल्या, पण जळफळाट झाला माझा, खोटं कशाला लिहू? लहानपणापासून हेच. नवा फ्रॉक हिला, उतरलेला मला.

२२ मार्च
मनी बसते. ठकी आता माझं बोटही धरत नाही. ताई म्हणते, धीर धर. धीर धर म्हणायला हिचं काय जातंय!

२६ मार्च
ताई बाजारात गेली तेव्हा जागा बदलल्या. ठकीला भिंतीकडे घेतलं. मनी नुसती बघत राहिली. संध्याकाळी ठकीची मान वर! माझी गं बाई ती!

३० मार्च
ताईचा डोळा चुकवून रोज बदलते. भिंतीकडची घेते, दाराकडची देते, कळलंय मला. ठकी बसते. मनीची मान पुन्हा पडली. ताई रडत होती. मी पाठीवरून हात फिरवला आणि मनात म्हटलं, बघ आता कसं वाटतं. — देवा, मी अशी नव्हते.

२ एप्रिल
मनीला गिळता येईना. दवाखान्यात ठेवलंय, ताई आणि भावोजी तिथेच. ठकी भिंतीला टेकून तळवा पुढे करते. समोर कुणीच नाही. शेवटी मीच झोपले, दाराकडे.

३ एप्रिल
ठकी उभी राहिली! माझे गुडघे वळत नाहीत. असू दे. आई असते कशाला?

४ एप्रिल
फडकं आता तीच बांधते. पुरे म्हटलं — सोडत नाही — बोटं

५ एप्रिल
पेन घसरतंय. ताई आली. एकटीच. मनी गेली. दारातच बसली ती — ठकी उठली — चालली! मी हात पसरायला गेले, उचलेनात. मला ओलांडून गेली. ताईच्या गळ्यात पडली. पहिल्यांदाच बोलली, अगदी स्पष्ट. आई म्हणाली.
तिला.
आणि ताईने माझ्याकडे न बघता ओ दिली. माझी आहे ती — ताई, माझी — अगं, मा