हवेत बसून साखर खाणाऱ्या पेशी

चि. चैताली हिस,

मळवलीहून विठ्ठलआबाचा सप्रेम जयभीम. तू, तुझा होस्टेलचा डबा आणि तुझ्या प्रयोगशाळेतल्या त्या काचेच्या बशा सगळं ठीक असेल अशी आशा करतो. इकडची खुशाली विचारू नकोस. तिचा सत्यानाश तूच करून गेलीस. (फोनच केला असता, पण तो तुझ्या मोठ्या आईच्या, सरूबाईच्या पिशवीत असतो.)

गेल्या रविवारी ओट्यावर बसून तू मला दम का लागतो ते साऱ्या आळीसमोर समजावलंस. फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांना आतून पेशींचा गिलावा असतो, माझ्या त्या पेशी बिघडल्या आहेत. हवा हाताशी असून तिच्यावर साखर नीट जाळत नाहीत, अर्धवट जाळून नुसती जास्त जास्त खातात आणि वाढत सुटतात. माझं डोकंच फिरलं. अगं, इथली हवा खायला मुंबईची माणसं गाड्या भरून येतात. (मी राखतो त्या बंगल्याचे मालक तर गच्चीत डोळे मिटून नाकाने ओढत बसतात.) आणि माझ्या पेशी जन्मभर त्याच हवेत बसून नखरे करतात! वर भिंत पुढे सरकवतात. बंगलेवाल्यांनी कुंपण फूट फूट सरकवून विहाराकडचा रस्ता बारीक केला, अगदी तसंच. मागून हृदय बिचारं भरल्या टेंपोसारखं पहिल्या गिअरमध्ये रेटतंय. याची तक्रार कोणत्या ग्रामपंचायतीत करू?

इथवर तरी ठीक होतं. पण तुझ्या मोठ्या आईच्या माहेरचा नियम असा, की कणगीत उंदीर झाले की धान्य हलवायचं, उंदीर उपाशी पडून निघून जातात. सरूबाईने तो नियम माझ्या छातीला लावला. साखर बंद, गूळ बंद आणि भात बंद! मावळातल्या माणसाचा इंद्रायणी भात! शेजारून वास येतो आणि माझ्यापुढे भाकरी. (भाकरीची पोटात साखर होत नाही असं तिला कोणी सांगितलं?) असल्या उपासाने त्या पेशी उपाशी राहत नाहीत, गोळ्या वेळेवर घ्या, असं तू म्हणाली होतीस, पण चपला घालता घालता. महत्त्वाचं बोलणं असं बोलतात का? मी सरूबाईला बजावलं, उपाशी उंदीर कणगीच कुरतडतो. तर म्हणते, "कुरतडू द्या. आदी तेंचा गूळ बंद."

मग व्हायचं ते झालं. बंगल्यावरचे पाहुणे जॅमची बाटली फ्रिजवर विसरून गेले होते. स्टुलावर चढलो, बाटली काढली आणि असा दम लागला की ओठ निळे पडले म्हणतात. स्टूल आडवं, मी फरशीवर, बाटली मात्र हातात शाबूत. झाडू मारायला येणाऱ्या येसूने पाहिलं. तिने आधी माणसं बोलावली, पाणी दिलं, सगळं केलं, आणि मी डोळे उघडल्यावर म्हणाली, "आबा, पेशीस्नी पार्टी देत हुता व्हय?" आता स्टेशनपर्यंत गेलो की कोणीही विचारतं, "आबा, पेशी जेवल्या का?"

डॉक्टर म्हणतात, येत्या मंगळवारी पुण्याला चला. मानेतून नळी घालून हृदयापलीकडचा दाब मोजायचा, मग औषध बदलायचं, उशीर नको. मी घरात जाहीर केलं आहे, जाणार नाही. बाहेरची फजिती सगळ्यांनी मोजली, आता आतलीही मोजायची का? सूनबाई रेणुका डोळे पुसते, सरूबाई भांडी आपटते. मी ठाम आहे.

तुझ्यावर संतापलेला,
विठ्ठलआबा

ता. क. मंगळवारी सकाळी दवाखान्याच्या दाराशी ये. पेशी बघायला नव्हे, मला बघायला. नळीची भीती वाटते हे घरात बोलायचं नाही. तू असलीस तर येतो.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायला रेणुकाकडे चार शितं मागितली, तर घरात शीत नाही. मला बंद केल्या दिवसापासून सरूबाईनेही भाताला हात लावलेला नाही, म्हणून आता शिजतच नाही, असं रेणुकाने सांगितलं. बिघडल्या माझ्या पेशी आणि उपास करते ही! पत्र मिळताच तिला फोन कर आणि जेवायला सांग. तुझं ती ऐकते. माझं नाव काढू नकोस, मी तिच्याशी बोलत नाही.