आई की बाई

ता. ३ जुलै

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे मी राखून ठेवले आहेत, तू शहाणी झालीस की पाठवीन.

तुझं पत्र काल मिळालं. पहिल्यांदा वाचताना वाटलं, थट्टा करतेयस. दुसऱ्यांदा वाचलं आणि हात टेकले.

खारूताईला शाळेतून काढलंत, इथवर मी तुमच्या बाजूची आहे. नऊ वर्षांची पोर बोलताना अडखळते, म्हणून बाईंनी तिलाच रोज उभं करून धडा वाचायला लावायचं, मागच्या बाकांवरून तिच्या नकला चालल्या की खिडकीबाहेर बघायचं, आणि वर ही मुलगी वर्गाचा वेळ खाते म्हणून तुम्हालाच बोलावून सुनवायचं! मी मुख्याध्यापिका असताना असल्या बाई माझ्या शाळेत आठवडाभरसुद्धा टिकल्या नसत्या. शेवटी पोरीने शाळेत तोंड उघडणंच सोडलं. तिला घरी आणलंत, बरं केलंत.

पण शाळेतून सोडवलेल्या मुलीसाठी तुम्ही घरात काय उघडलंत? तर शाळा! भिंतीवर फळा, दाराला घंटा, आठ तासिकांचं वेळापत्रक, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे गणवेश. स्वयंपाकघरातून बैठकीच्या खोलीत जायला गणवेश! पडद्यांची शिलाई बाजूला ठेवून तोही तूच शिवलास ना? खिशावर बोधचिन्ह भरलंस की तेवढं राहिलं? तुझे यजमान लिफ्ट दुरुस्त करतात, उत्तम करतात. पण मुलगी म्हणजे अडकलेली लिफ्ट नव्हे, की झाकण उघडलं, वायर जोडली, बटण दाबलं आणि गेली वर. शाळेत मैदान होतं, मधली सुट्टी होती, शेजारी बसणारी मैत्रीण होती. तेवढंच काय ते चांगलं होतं. ते तिकडे सोडलंत आणि घंटा उचलून आणलीत.

सल्ला मागितला आहेस, म्हणून ऐक. फळा उतरव. एका मुलीला आठ तासिका लागत नाहीत. चाळीस जणांच्या वर्गातला निम्मा वेळ गप्प बसा, गप्प बसा म्हणण्यात जातो. तुझी तर बोलतच नाही, मग वाचलेल्या वेळाचं तू करतेस काय? सकाळी ती ताजी असताना तास-दीड तास बसा, बास. मोठ्याने वाचायचं ते तू वाच, तिने मनात वाचावं. गणित पडद्याच्या कापडावर होऊ दे. राग आला तर ऊठ, पाणी पी, खाली चक्कर मारून ये. आणि दुपारी तिला बाहेर सोड, बरोबरीच्या मुलांत. तुम्ही दोघं कितीही चांगले असलात तरी नऊ वर्षांचे नाही आहात.

तुझ्या यजमानांना सांग, त्या गणवेशाची आठवण झाली की मला हसू येतं. त्यांनी ते मनावर घ्यावं.

माया आहे म्हणूनच एवढी शाई खर्च केली.

तुझी ताई


ता. ११ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि. त्यातली विनंती आज थोडी आहे, बाकी तक्रार.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. लिफ्टचा भाग येताच ते उठून आंघोळीला गेले. सकाळी एकदा झाली होती, तरी. बाहेर येऊन म्हणाले की चाळीस मुलं सांभाळलेल्या माणसाला एका मुलीतलं काय कळणार. मला ते पटलं, हे तुला मुद्दाम कळवते.

ताई, आम्हाला शिकवायला सगळं जग टपलेलं आहे. खालच्या मजल्यावरची दातांची डॉक्टर जिन्यात गाठून खारूला पाढे विचारते. पोर सोळा सते म्हणायला तोंड उघडते, तोवर ही स्वतःच एकशे बारा म्हणून टाकते आणि माझ्याकडे असं बघते, जसं काही मीच नापास झाले. ह्यांच्या कामावरचा एकजण म्हणाला की मुलगी घरात राहून भित्री होणार. माझं एक गिऱ्हाईक पडदे न्यायला आलं आणि पाऊण तास मुलांना कसं घडवावं ते सांगून गेलं. त्यांचा स्वतःचा मुलगा त्यांच्याशी बोलत नाही. आणि आता तू!

पण एक गोष्ट तुलाच लिहिता येईल. परवा अपूर्णांक चालले होते. तिसऱ्यांदा तेच चुकलं आणि मी कात्री टेबलावर आपटली. तीन अष्टमांश म्हणायला तिला इतका वेळ लागला की मीच ओरडून म्हटलं. ती कापड बेतायच्या टेबलाखाली जाऊन बसली. मी तिथे वाकून पुढचं गणित सांगितलं, ताई. टेबलाखाली.

दुपारी जेवताना तिने मला विचारलं, आज तू आई आहेस की बाई? एवढं विचारायला तिला अर्धी वाटी सूप गार होईपर्यंत वेळ लागला. मी म्हटलं, आई. तेव्हा ती म्हणाली की मग मला बाईंची तक्रार करायची आहे. बाई मला बोलणं संपवू देत नाहीत.

मी तिला म्हटलं की बाईंना समज देते. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि उगाच भांडी घासत उभी राहिले.

घंटा अजून दारावर आहे. ह्यांना वाटतं, ती काढली की आपण हरलो. आणि हरायला फार लांब जायला नको. शिक्षण खात्याचे अधिकारी सप्टेंबरात घरी येऊन तिला तपासणार आहेत. त्यांचं समाधान झालं नाही, तर ती परत त्याच वर्गात, त्याच बाईंपुढे. हे तिला ठाऊक आहे. झोपेतून उठून विचारते.

तू थोडे दिवस येशील का? टोमणे पिशवीत भरून आण, चालेल.

टोमण्यांसकट तुझी वाट पाहणारी,
धाकटी


ता. १६ जुलै

चि. धाकटीस,

आशीर्वाद, जेमतेम.

येते. रविवारी पोहोचेन. मी दारात पाय ठेवायच्या आत घंटा निघालेली हवी, नाहीतर मी ती तुझ्या यजमानांच्या गळ्यात बांधीन. गणवेशाची पायपुसणी कर.

तुम्हा दोघांना शिकवायला फार वेळ लागणार, हे धरूनच सामान भरते आहे. खारूताईला मी दोन दिवसांत मार्गावर आणते.

येतेच.

ताई


ता. १२ ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोहोचलीस हे कळलं. गुडघ्याचं दुखणं एकाएकी उपटलं म्हणून ठरल्याआधीच गेलीस, तर गुडघा कसा आहे? जिना तर तू तुरुतुरु उतरलीस.

राग मानू नकोस, पण तुझ्याकडूनच शिकले आहे तसं लिहिते. तू आलीस आणि घर सुतासारखं सरळ झालं. ह्यांनी घंटा काढली, तीही तू नजर रोखून उभी होतीस म्हणून. डॉक्टरीणबाई जिन्यात दिसेनाशा झाल्या, कारण तू त्यांनाच एकोणतीसचा पाढा विचारलास. तोंड चालवण्यात तुझा हात धरणारं कुणी नाही.

पण ताई, पानंच्या पानं सल्ला लिहिणारी तू! पहिल्या सकाळी अर्धा तासही गेला नव्हता आणि तू खारूची तीन वाक्यं पूर्ण केली होतीस. ती म चा उच्चार धरून थांबली की तू मांजर म्हणायचीस. तिला मांडणी म्हणायचं असायचं. दुसऱ्या दिवशी ती बोलायचीच थांबली, आणि तू मला म्हणालीस की मुलगी आज शांत आहे, छान आहे. मी टाके घालत बसले, कारण तुला सांगायची हिंमत माझ्यात आजही नाही.

तिच्यात होती. काही दिवसांनी तिने परत तोंड उघडलं आणि तू पुन्हा मध्ये पडलीस, तेव्हा ती उठून तुझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली की मावशी, वाक्य माझं आहे. मधले सगळे अडथळे धरून, एकेक अक्षर ओढून काढत, तुझ्या डोळ्यांत बघून. तू बाहेर गच्चीत जाऊन उभी राहिलीस. मी काचेतून पाहिलं. तू वाळत घातलेल्या चादरी काढून पुन्हा तशाच वाळत घालत होतीस. दुसऱ्या दिवशी गुडघा दुखू लागला.

तू गेल्यावर तिने विचारलं, मावशी रागावली का. मी म्हटलं, नाही गं, तिला इतक्या वर्षांत कुणी थांबवलं नव्हतं, त्यामुळे थांबायचं कसं ते तिला ठाऊक नाही.

इकडचं बरं आहे. समोरच्या इमारतीतल्या दोघी बहिणी रोज दुपारी येतात. तिघी मिळून माझ्या कापडाच्या ठाणांवर नाचतात. त्यांनी खारूला एकदा विचारलं की तू अशी का बोलतेस. ती म्हणाली, अशीच बोलते. त्यांना ते पुरलं.

तपासणीचे मात्र दिवस मोजते आहे.

गुडघ्याला आणि तुला नमस्कार,
धाकटी


ता. २० ऑगस्ट

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. आज पूर्ण पाठवते आहे.

गुडघ्याला काहीही झालेलं नाही, कधी नव्हतंच. तुला कळलं होतं आणि तू तरीही विचारलंस. बहीण शोभतेस.

माझ्यावर हसायचं ते हसून घे, त्यात मीही आहे. एवढी वर्षं मुलांना बोलतं केलं म्हणून मिरवत होते, आणि एका पोरीचं साधं वाक्य मला ऐकवलं नाही. तेव्हापासून मी सराव करते आहे. समोरचा बोलत असला की तोंड मिटून, त्याचं संपेपर्यंत उभं राहायचं. बँकेतला कारकून, शेजारीण, भाजीवाला. काय सांगू तुला, लोक पूर्ण बोलले की किती भिकार बोलतात! मध्येच तोडण्यात त्यांचंच भलं होतं. तरी करते आहे. शेजारीण तर घाबरली आहे, तिला वाटतं मला कमी ऐकू यायला लागलं.

सकाळचा तास-दीड तास, दुपारचं खेळणं, ते चालू ठेव. माझे बाकीचे सल्ले फेकलेस तरी चालेल. तपासणीच्या दिवशी एकच सांभाळ. तिच्या वतीने कुणी उत्तर द्यायचं नाही. तुझ्या यजमानांना खुर्चीला शिवून टाक, जाड सुई आहेच तुझ्याकडे. आणि अधिकारी तिच्यासाठी वाक्य पूर्ण करायला लागले, तर तूही मध्ये पडू नकोस. तिचं तिला येतं. माझ्यापुढे उभी राहिली, त्यापुढे एखादा सरकारी माणूस म्हणजे काय?

मी येत नाही. मी आले तर बोलेन.

खारूला सांग, मावशी रागावली नाही. तिला वेळ मिळेल तेव्हा तिने लिहावं.

दोघींवर जीव असलेली,
ताई


ता. ९ सप्टेंबर

ती. मावशीस,

शि. सा. न. आईने सांगितलं म्हणून नाही, माझं मी लिहिते आहे. लिहिताना मी अडखळत नाही, तुला माहीत असेलच.

काल अधिकारी आले. मला वाटलं होतं ते मोठे असतील, पण ते बारीक होते आणि त्यांच्या बुटाची नाडी सुटलेली होती. आईने घर इतकं आवरलं होतं की मलाच माझी पट्टी सापडली नाही. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि हात मांड्यांखाली दाबून बसले.

त्यांनी आधी गणितं दिली. ती सोपी होती. मग त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि बाबांना म्हणाले की मुलीची अडचण त्यांना शाळेकडून कळली आहे, तेव्हा तिने मनातच वाचावं, आणि उत्तरं लिहून दिली तरी चालतील. ते माझ्याबद्दल बाबांना सांगत होते. मी तिथेच होते.

मी म्हटलं, मी मोठ्याने वाचणार. आई माझ्याकडे बघायला लागली. बाबा उठले आणि परत बसले.

नदीवरच्या पुलाचा धडा होता. पहिलाच शब्द प चा. तो खूप वेळ आला नाही. मावशी, मला तेव्हा वर्गातल्यासारखं गरम झालं आणि पळून जावंसं वाटलं. अधिकाऱ्यांनी घड्याळात बघितलं. मला वाटलं, आता हे पूल म्हणणार. पण आई त्यांच्याकडे अशी बघत होती की ते काही बोलले नाहीत. मग पूल आला. मग बाकीचं आलं. काही ठिकाणी बऱ्याच वेळाने आलं. मी पूर्ण पान वाचलं.

संपल्यावर त्यांनी मला विचारलं की मोठ्याने का वाचलंस, सक्ती नव्हती. मी म्हटलं, तुम्ही मला परत पाठवलंत तर मी कशी वाचते ते तुम्हाला माहीत पाहिजे. हे बोलायला धड्याहून जास्त वेळ लागला.

मग ते म्हणाले की या वर्षी घरीच शीक, पुढच्या वर्षी तुला जायचं असेल तर ते दुसऱ्या बाईंचा वर्ग बघतील. मी म्हटलं, पुढच्या वर्षी सांगते. आई रडायला लागली. बाबाही, पण ते म्हणतात की त्यांना सर्दी आहे.

जाताना त्यांनी दारात मला विचारलं की तू मध्येच थांबतेस तेव्हा शिकवणाऱ्याने नेमकं काय करायचं? मला हे आजपर्यंत कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, काही नाही, थांबायचं.

त्यांनी खिशातून पेन काढून ते लिहून घेतलं. मावशी, एवढी साधी गोष्ट! मोठ्या माणसांना हेसुद्धा लिहून घ्यावं लागतं का?

तू ये. थोडं बोललीस तरी चालेल.

तुझी,
खार