चमचाभर गुडमार

पहूर,
१२ जून २०२४

चि. मंजुळास जीवरामचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अक्षर सूनबाईचं आणि टोमणे तुझे, त्यामुळे ओळख लगेच पटली. फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. माझे कान असे, की फोनवर मी नुसतं काय, काय करतो आणि तू ओरडून दमतेस. जन्मभर लोकांची पत्रं वाटली, आता चार स्वतःची लिहितो.

साखर उतरल्याशिवाय मोतीबिंदूला हात लावणार नाही, असं डॉक्टर म्हणाले हे वाचून घास गेला नाही. ताटात भाजी कोणती हे आता विचारावं लागतं, असं तू हसत हसत लिहवलंस. मला काही हसू आलं नाही. सोबत साखरेवर गुडमारची पूड पाठवतो. चोपड्याकडे डाक वाटायचो तेव्हापासूनचा माझा सातपुड्यातला मित्र सिंगा, त्याने स्वतः पाला तोडून वाळवला आहे. रोज सकाळी चमचाभर जिभेवर धरायची आणि मग गिळायची. निव्वळ झाडपाला आहे, अपाय व्हायचा प्रश्नच नाही. त्या साखरेच्या गोळ्यांची सवय लागते आणि किडन्या जातात त्या वेगळ्याच. मी तर माझ्या बीपीच्या गोळ्या दिवाळीपासून बंद केल्या. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, मग कशाला खायच्या?

कळण्याचं, म्हणजे आपलं ज्वारी-उडदाचं पीठही पाठवलं आहे. भाकरी खाताना भावाची आठवण काढ, म्हणजे झालं.

तुझा,
नाना

धुळे,
८ जुलै २०२४

ती. नानास मंजुळाचा वाकून नमस्कार. वि. वि.

पूड मिळाली, पीठही मिळालं. तुझी पूड जिभेवर धरली की त्यानंतर चहा म्हणजे नुसतं गरम पाणी लागतं. माझ्या गोपालने पेढे आणले होते, ते मातीसारखे लागले. तोंडाची सगळी चव पळवलीस, पण साखर उतरते आहे हे खरं. गोळ्या सोडायची माझी छाती झाली नाही आणि तुझी पूड टाकवली नाही, म्हणून दोन्ही घेते. तुझाही मान राहिला, डॉक्टरबाईंचाही.

परवा त्या कागद बघून विचारात पडल्या. आणखी काही औषध घेता का, असं दोनदा विचारलं. मी नाही म्हणाले. खोटं कुठे बोलले? घरच्या पाल्याला का कुणी औषध म्हणतं?

असंच राहिलं तर ऑगस्टमध्ये डोळ्याची तारीख मिळेल. मग तुझं पत्र माझं मीच वाचीन. रोहिणी चांगलं वाचते, पण तू जिथे रडवेला होतोस तिथे ती खोकते, आणि मला पुढचं कळत नाही.

माया आहे तेवढीच ठेव, वाढवलीस तर पूडही वाढवशील.

तुझी,
मंजुळा

धुळे,
२८ जुलै २०२४

ती. मामांस रोहिणीचा नमस्कार.

आई आता बऱ्या आहेत, घरी आहेत, हे आधी लिहिते. या पत्रात त्यांचा आवाज नाही म्हणून घाबरू नका.

गुरुवारी त्यांचा उपवास होता. सकाळी गोळी घेतली, अकराला तुमची पूड घेतली, पोटात मात्र काहीच नव्हतं. थोड्या वेळाने त्या ओट्याशी घामाने चिंब होऊन थरथरताना दिसल्या. मशीनवर साखर पाहिली तर एक्केचाळीस. मी धावत डबा आणून तोंडात साखर घातली, तर त्यांनी ती थुंकली. वाळू का घालतेस म्हणून माझ्यावरच चिडल्या. पुडीमुळे जिभेला गोड कळेनासं होतं ना, ते तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही. शेवटी गोपालने डोकं धरलं आणि मी चमच्याचमच्याने साखरपाणी पाजलं. मामा, इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. दवाखान्यात पोचेपर्यंत त्या मला ओळखत नव्हत्या.

शुद्ध नीट आल्यावर डॉक्टरबाईंनी पुन्हा तेच विचारलं, आणखी काय घेता? मी पूड सांगितली. तेवढ्यात आई आडव्या पडूनच म्हणाल्या, "ती काय दवाई शे का? मना भाऊनी धाडेल पाला शे."

बाई रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुमच्या भावाच्या पाल्यात दम आहे. दम आहे म्हणूनच तुम्ही पडलात." आधी कळलं असतं तर त्यांनी गोळी कमी केली असती किंवा पूड थांबवायला सांगितली असती. आता पूड बंद आहे. डोळ्याची तारीख दोन महिने पुढे गेली.

तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं होतं आणि चमचाही रोज मीच भरत होते. तेव्हा सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका, अर्धा माझा आहे.

आपली,
रोहिणी

पहूर,
९ ऑगस्ट २०२४

चि. मंजुळा आणि चि. रोहिणीस आशीर्वाद. द्यायला तोंड उरलं नाही, तरी देतो.

पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी चोपड्याची एसटी धरली. सिंगाला जाब विचारायला निघालो होतो, पण जाब मलाच द्यावा लागला. चिमूटभर म्हणून सांगितलं होतं, चमचा कुणी केला, असं त्याने विचारलं. मी केला. बहिणीला लवकर दिसावं म्हणून केला. तिला दुसरं काही चालू आहे का, हेही त्याने तेव्हा विचारलं होतं. गोळ्या आता बंदच करणार आहे, असं मी माझ्या मनानेच ठोकून दिलं होतं. तो म्हणाला, "पालामा जोर शे, म्हनीसनच तर देतस. जोर नही तं तोडाले जातू कशाले?"

त्याला पाल्याची ताकद माहीत होती, डॉक्टरबाईंनाही कळली. झाडाचं आहे म्हणून साधं समजणारा मी एकटाच निघालो. तुझ्या डोळ्याचे दोन महिने मी खाल्ले, मंजुळा. मला क्षमा कर.

तुझा,
नाना

धुळे,
२० ऑगस्ट २०२४

ती. नानास नमस्कार.

क्षमा फुकट मिळणार नाही. दिवाळीपासून तुझ्या गोळ्या बंद आहेत, हे मी विसरले नाही. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बीपी काही सांगून येत नाही, आणि आधी ताब्यात होतं ते त्या गोळ्यांमुळेच. दोन महिन्यांनी मला दिसायला लागेल तेव्हा तू पलंगाला खिळलेला दिसलास, तर ते डोळे मी काय करू?

जामनेरला जा, बीपी मोजून घे, डॉक्टर सांगतील ती गोळी सुरू कर. सिंगाकडचं काही घेत असशील तर तेही त्यांना सांग. आणि दर पत्रात गोळ्यांची रिकामी स्ट्रिप पाठव. स्ट्रिप आली नाही तर पत्र उघडायचंच नाही, असं रोहिणीला बजावलं आहे.

तुझी,
मंजुळा

पहूर,
१८ सप्टेंबर २०२४

चि. मंजुळास आशीर्वाद.

बीपी एकशे ऐंशी निघालं. डॉक्टरने माझ्याकडे असं पाहिलं, की बहिऱ्यालाही ऐकू यावं. गोळी सुरू आहे. सोबत स्ट्रिप पाठवतो, दहाच्या दहा रिकाम्या. खोटं वाटत असेल तर बोटांनी चाचपून बघ.

ऑपरेशन झालं की दोन ओळी पाठव. तोवर पोस्टमनची वाट बघत ओट्यावर बसतो.

तुझा,
नाना

धुळे,
६ ऑक्टोबर २०२४

ती. नानास मंजुळाचा नमस्कार.

अक्षर वाकडंतिकडं आहे, पण माझं आहे. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काल भाजी न विचारता ओळखली, गिलकं होतं. रोहिणीच्या कपाळावर बारीक व्रण आहे, तो ती घरात आल्यापासूनच्या सहा वर्षांत पहिल्यांदा पाहिला.

तुझी सगळी पत्रं काढून वाचली. ती खोकत होती ती ठिकाणंही वाचली. रोहिणी जास्त लिहू नका म्हणते आहे, म्हणून एवढंच लिहिते.

तुझी स्ट्रिप मी उशाखाली ठेवली होती. आज खिडकीत धरून पाहिली. कोपऱ्यातली एक गोळी अजून आतच आहे. रोहिणीला तेव्हाच दिसली होती, पण मामांचं नाव खाली जायला नको म्हणून बोलली नाही. ती स्ट्रिप परत पाठवते आहे.

पुढच्या वेळी जपून, नाना. आता मला दिसतं.

तुझी,
मंजुळा