नमुना बुधवारचा

दि. ९ मार्च

ती. अक्कास,
डोकं तापलेलं असूनही सा. न. वि. वि.

हे पत्र तुला मिळेल तोवर तुझी भावजय एकटीच तुला भेटून गेलेली असेल. फोनवर मी फक्त ‘येत नाही’ एवढंच सांगितलं, कारण फोनवर तू अर्ध्या मिनिटात ‘बरं, ठेवते’ म्हणतेस आणि माणसाला धड भांडता येत नाही. म्हणून आता सविस्तर भांडतो.

तुला ठाऊकच आहे, छातीच्या ऑपरेशनात अर्धं फुप्फुस गेल्यापासून डॉक्टरांनी मला विमान कायमचं बंद केलंय. अकरा वर्षं तुझं तोंड पाहिलेलं नाही. समुद्रापलीकडे तुझ्या गावच्या धक्क्याला लागणारी ही एकच बोट सापडली. सकाळी दहा ते संध्याकाळी सात. नऊ तास तर नऊ तास! त्या नऊ तासांसाठी मी दोन महिने दिवस मोजत होतो.

बोटीवर चढण्याआधी तपासणीचा रिपोर्ट लागतो, हेही मला माहीत होतं. ट्रॅव्हल ऑफिसातल्या त्या टायवाल्याला मी तीनदा विचारलं. तो म्हणाला, काका, निर्धास्त राहा, तीन दिवसांच्या आतला रिपोर्ट चालतो. मी शहाण्यासारखा बुधवारी सकाळीच जाऊन नाकात काडी घालून घेतली. रिपोर्ट गुरुवारी संध्याकाळी हातात आला. बोट शनिवारची. आता तूच सांग, चूक कुठे झाली? चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस मी, मला दिवस मोजता येत नाहीत?

काउंटरवर निळ्या कोटातली एक बाई होती. तिने वरची तारीख बघितलीसुद्धा नाही. खालची मुंगीएवढी ओळ शोधून काढली: नमुना घेतला बुधवारी, दहा वाजून दहा मिनिटांनी. मग बालवाडीतल्या पोराला शिकवावं तशी बोटांवर मोजून मला सांगू लागली, की बोट सुटण्याच्या आधीचे दोनच दिवस चालतात, गुरुवार आणि शुक्रवार, बुधवार बाहेर. आणि मोजायचं ते नमुना घेतला तेव्हापासून, कागद छापला तेव्हापासून नाही. मी म्हणालो, मग इथेच घ्या दुसरा नमुना, हे नाक तुमच्यासमोर आहे. तर म्हणे धक्क्यावरची तपासणीची खोली एक वाजता बंद होते. तेव्हा वाजला होता दीड.

मी ठणठणीत आहे हे दाखवायला समोरचा जिना भराभर चढलो. तिथेच घात झाला. वर पोचेपर्यंत भात्यासारखा धापा टाकायला लागलो. बोटीचा डॉक्टर धावत आला आणि सत्तरीपुढच्यांना लागणारं डॉक्टरचं पत्र कुठंय म्हणून विचारू लागला. त्या पत्राबद्दल टायवाल्या गाढवाने चकार शब्द काढला नव्हता!

आणि तुझी भावजय पास! बुधवारी तिची दाढ ठणकत होती म्हणून तिने नमुना गुरुवारी दिला होता. म्हणजे दाढदुखीला बोट मिळते आणि वक्तशीरपणाची हुकते. तीही राहते म्हणत होती. मीच तिला ढकललं. म्हटलं दोघांतल्या एकाने तरी अक्काला बघावं. गेली. मागे वळूनही पाहिलं नाही.

जाता जाता: मागच्या पत्रात चार ओळी तू कोणत्या भाषेत टाइप केल्या होत्यास? एका अक्षराचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. तीस वर्षं कचेरीत टायपिस्ट होतीस, आता हेरखात्यात लागलीस की काय?

राग त्या बाईवर आणि त्या मूर्ख टायवर आहे. तुझ्यावरचा लोभ जागच्या जागी आहे, तुझाही तसाच असू दे.

तुझा धाकटा,
काट्या


दि. १२ मार्च, बोटीवरून

घड्याळवाल्यांस,
हलत्या टेबलावरून स. न. वि. वि.

मी सुखरूप आहे. धक्क्यावर मी तीनदा मागे वळून पाहिलं. तिन्ही वेळा तुम्ही पहारेकऱ्याशी भांडत होतात.

चार दिवस मनात दाबून ठेवलंय ते आधी लिहिते. नियमांचा कागद चार पानी होता. तिसऱ्या पानावर सगळं होतं: नमुन्याचा दिवस, सत्तरीपुढच्यांचं पत्र, सगळं. मी तुम्हाला दोनदा म्हटलं, वाचा. तुम्ही म्हणालात, टायवाल्याला विचारलंय. गिऱ्हाईक सांगेल ते कधी खरं न मानता स्वतः घड्याळ उघडून बघणारा माणूस, आणि चार पानं उघडवली नाहीत तुम्हाला? छापखान्यात लोकांच्या चुका शोधण्यात माझा जन्म गेला. घरातली चूक मात्र छापून बाहेर पडली. मला त्या निळ्या कोटवालीचा राग येत नाही. तुमचा येतो.

आता मुख्य गोष्ट. फोनवर सांगितली असती तर तुम्ही मध्येच बोलला असतात, म्हणून लिहिते. बसून वाचा.

अक्कांच्या वृद्धनिवासाच्या फाटकावर माझा बोटीचा रिपोर्ट मागितला, हात धुवायला लावले, मग आत सोडलं. खोली दुसऱ्या मजल्यावर, स्वच्छ. टेबलावर टाइपरायटर, कॉट आणि दार यांच्यामध्ये एकही वस्तू नाही. अक्का दारातच उभ्या होत्या. मी तोंड उघडेपर्यंत त्या माझ्या खांद्याच्या पलीकडे बघत होत्या. मग मला खिडकीपाशी नेऊन उभं केलं, उजेडात. म्हणाल्या, आता दिसतेस, थोडीशी.

काचबिंदू आहे. दोन वर्षं झाली. उजवा डोळा गेला आहे, डाव्याला उजेडातली आकृती तेवढी दिसते, आणि डॉक्टर म्हणालेत की वर्षअखेरपर्यंत तीही जाईल. टाइप करतात त्या बोटांच्या सवयीने. बोटं एक घर बाजूला पडली की सगळी ओळ बिघडते, आणि ती वाचून तुम्ही हसता. तुम्ही वाढदिवसाला पाठवलेल्या घड्याळाची काच त्यांनी काढून टाकली आहे. काटे बोटाने चाचपून वेळ बघतात.

तुम्हाला कळवायचं नाही अशी शपथ घालत होत्या. मी घेतली नाही. त्यांना सरळ सांगितलं, की या घरात लपवालपवी करणारे दोघं मला झेपणार नाहीत, एक पुरे आहे.

मे महिन्यात बोट पुन्हा तिकडे जाते. औषधं वेळेवर घ्या. माझ्यावर चिडलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची,
घरची मुद्रितशोधक


दि. २४ मार्च

चि. काट्यास,
अ. उ. आ., आणि कान एकदा जोरात पिळून.

तुझं पत्र शेजारच्या खोलीतल्या बाईंनी वाचून दाखवलं. निवृत्त शिक्षिका आहेत. शिव्या आल्या की त्या ‘इत्यादी’ म्हणतात. टायवाला इत्यादी, मूर्ख इत्यादी. पण सूर कळला.

भावजयीने तुला सगळं लिहिलंच असेल. होय, लपवलं. कळवून तू काय करणार होतास? विमान तुला बंद. तिथे बसून झुरला असतास आणि मला रोज फोनवर औषधं विचारली असतीस. आंधळेपण मी सहन करीन, तुझी काळजी मला सहन होत नाही.

पण त्या निळ्या कोटातल्या बाईबद्दल तू जे लिहिलंस ते मला मुळीच आवडलं नाही. ऐक. मागच्या हिवाळ्यात आमच्या मजल्यावर कुणाचा तरी जावई भेटायला आला. साधी सर्दी आहे म्हणाला. भला माणूस, सगळ्यांशी हात मिळवून, विचारपूस करून गेला. आठ दिवसांत अकरा जण तापाने पडले. दोन खोल्या रिकाम्या झाल्या. त्यातली एक माझ्या समोरची. तिथली बाई रोज सकाळी मला पेपर वाचून दाखवायची, आणि मंत्र्यांची नावं मुद्दाम चुकीची वाचायची. मला अजून तिच्या चपलांचा आवाज येतो असं वाटतं. तो जावईही स्वतःला ठणठणीतच समजत होता, तुझ्यासारखा.

तेव्हा त्या बाईने बोटांवर मोजलं ते बरोबर मोजलं. बुधवारी नाकात काही नव्हतं म्हणून शनिवारी नसेल असं थोडंच आहे? बुधवार आणि शनिवार यांच्यामध्ये तू बाजारात गेला असशील, न्हाव्याकडे गेला असशील, दहा जणांशी वाद घातला असशील. यायचं असेल तर नीट ये. नाहीतर येऊ नकोस, मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण कळवणार नाही.

टायपाच्या चुका पोटात घाल आणि माझ्यावर जीव ठेव.

अक्का


दि. १३ मे

ती. अक्कास,
अंथरुणातून, उशी पाठीला लावून, सा. न. वि. वि.

परवा शनिवारच्या बोटीला मी नव्हतो. फोनवर तुला कारण सांगताना खोकलाच इतका आला की तुझ्या भावजयीने फोन काढून घेतला. आता सगळं क्रमाने लिहितो.

या वेळी चारही पानं वाचली. तुझ्या भावजयीने लाल पेन्सिलीने खुणा करून दिल्या होत्या. न कळलेल्या दोन गोष्टी बोटीच्या कंपनीलाच फोन करून विचारल्या. घरी स्वतः केलेली चाचणी चालत नाही, प्रयोगशाळेत त्यांच्या माणसासमोर व्हावी लागते. आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षराला अक्षर. डॉक्टरचं पत्र घेतलं. बुधवारी मुद्दाम घराबाहेर पाऊल टाकलं नाही. गुरुवारी सकाळी नमुना दिला. नमुन्याच्या पावतीवर माझं नाव अर्धवट छापलं होतं, ते शुक्रवारी पहाटेपासून दारात उभा राहून दुरुस्त करून घेतलं. रिपोर्टवर नाव बरोबर आलं. खालचा निकाल मात्र वाईट निघाला. मला लागण झाली होती.

अक्का, मला काहीही होत नव्हतं! ना ताप, ना शिंक. भूक सडकून लागली होती. बॅग भरून दारात ठेवलेली. तो कागद हातात धरून मी फुटपाथवर उभा होतो आणि कुणावर ओरडावं तेच कळेना. नियमावर? नियम पाळला होता. त्या बाईवर? ती तिथे नव्हती. अर्धा तास मी स्वतःच्या नाकावर चिडून उभा होतो.

मग टायवाल्याकडे गेलो, तिकीट पुढे ढकलायला. त्याने रिपोर्ट बघितला, आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाला, काका, एवढं मनाला लावून घेऊ नका, आपल्या ओळखीची एक लॅब आहे, तासाभरात स्वच्छ रिपोर्ट देतात, तुम्ही आरामात बोटीवर असाल. अक्का, खोटं कशाला सांगू, एक क्षण माझा हात खिशातल्या पासपोर्टकडे गेला. नऊ तास. तुझी खिडकी.

आणि मग तुझ्या समोरच्या खोलीतली ती बाई आठवली, मी कधी न बघितलेली. माझा जो आवाज चढला, तो सगळ्या ऑफिसने ऐकला. मी त्याला म्हणालो, माझ्या बहिणीच्या मजल्यावर ऐंशीच्या घरातली माणसं राहतात, त्यांच्या दारात मी खोटा कागद घेऊन उभा राहू? रांगेतल्या एका बाईंनी लगेच आपले कागद परत मागितले. टायवाला पाणी देऊ लागला. मी मास्क घट्ट केला आणि पाणी न पिता बाहेर पडलो.

रविवारी ताप चढला. अर्ध्या फुप्फुसाला बरंच झगडावं लागतंय, पण डॉक्टर म्हणतात निभावेल. आज मंगळवार. गेलो असतो तर आज या वेळी तुझ्या खोलीत खोकत बसलो असतो.

जुलैत पुन्हा बोट आहे. तोवर तुझ्या डाव्या डोळ्याला दम धरायला सांग. लोभ कमी करू नकोस, मी चढेनच.

काट्या


दि. २६ मे

चि. काट्यास,
अ. उ. आ. या वेळी कान सोडला आहे.

टायवाल्याची हकिगत बाईंनी वाचली. त्या भागात त्यांनी एकदाही इत्यादी म्हटलं नाही, उलट स्वतःची दोन विशेषणं घातली. मग चष्मा पुसायला थांबल्या.

वाफ घे. जिने चढून कुणाला काही दाखवू नकोस. मी बरी आहे, डोळ्याचं आहे तसंच आहे. ये.

माया आहेच, वेगळी काय मागायची.

अक्का


दि. १६ जुलै, बोटीवरून

प्रिय मुद्रितशोधक,
या वेळी तुला घरी बसवणाऱ्या तुझ्या गुडघ्याच्या प्लास्टरला सप्रेम नमस्कार.

आमची दोघांची भेट झाली. अक्काची आणि माझी.

काउंटरवर तीच निळ्या कोटातली बाई होती. तिने नमुन्याची ओळ वाचली, नाव वाचलं, डॉक्टरचं पत्र वाचलं, आणि शिक्का मारला. मी आभार मानले तर दचकली.

निवासाच्या फाटकावरही पास झालो. वर गेलो. अक्का दारात उभी होती. किती लहान झालीय ग ती! मी तू लिहिलं होतंस तसा आपण होऊन खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. ऊन चांगलं होतं. म्हटलं, बघ. ती समोर आली. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मला वाटलं नेम धरतेय. मग म्हणाली, खिडकी उघडी आहे ना रे?

तीन आठवडे झाले, उजेडही गेलाय. मेमधल्या बोटीने गेलो असतो तर आकृती तरी दिसली असती. डोळ्याचं आहे तसंच आहे म्हणून मला कळवत होती, आणि तोवर रोज सकाळी खिडकीकडे तोंड करून तपासत होती, आज किती राहिलंय ते. मी कोणाला जाब विचारू? माझ्या नाकाला? मी तिथे भिंतीला हात लावून उभा राहिलो.

तेवढ्यात तिने दोन्ही हात वर केले आणि माझा चेहरा चाचपायला सुरुवात केली. कपाळ, भुवया, नाक; नाकावर जरा थांबली. मग गाल. गालांवर हात आले आणि ती एकदम भडकली. म्हणाली, हे गाल कुठे गेले? गालफडांची हाडं लागतायत हाताला! एवढा आजारी होतास आणि मला लिहिलंस निभावेल म्हणून? दवाखान्यात किती दिवस होतास, खरं सांग. मी म्हटलं, नऊ. तर म्हणाली, आणि लपवण्यावरून मला बोलायला आलास?

मीही मग सोडलं नाही. तीन आठवड्यांचं विचारलं. तिने दवाखान्याचं काढलं. मी काचबिंदूवर गेलो, ती थेट लहानपणी मी मोडलेल्या तिच्या पट्टीपर्यंत पोचली. माझा चेहरा तिच्या हातात तसाच, आणि दोघंही तारस्वरात. शेजारच्या बाईंनी भिंतीवर टकटक केली. आम्ही दोघांनीही लक्ष दिलं नाही.

गुडघा जप. आणि माझ्यावर लोभ ठेव, गालांसकट.

तुझा,
घड्याळवाला