रिॲक्टर दोनचा अपघात अहवाल

१४ नोव्हेंबर १९८८
दु. ४.२० ला रि. २ च्या झाकणाचं पॅकिंग उडालं. गरम ॲसिड तुकाराम भोईरच्या दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत. जांभूळ गावचा, कारखान्यातला सर्वांत जुना ऑपरेटर. मी लॅबमध्ये होते, धावले. दोघा कामगारांनी त्याला शॉवरखाली धरून ठेवलं. एकदाही ओरडला नाही. उल्हासनगरच्या हॉस्पिटलात हलवलं.
मग लॉगशीट ताब्यात घेतलं. त्यावर दर तासाला भांड्याचं तापमान लिहायचं असतं. चार, पाच, सहा, सात, सगळे रकाने भरलेले. ६३, ६४, ६३, ६३. पॅकिंग तर ४.२० ला उडालं.

१५ नोव्हें.
वर्क्स मॅनेजर सान्यांनी बोलावलं. अपघात अहवाल मी लिहायचा. फॅक्टरी इन्स्पेक्टर २४ ला येणार.
"तुम्ही केमिकल इंजिनीअर, शिवाय लिहिता नेटकं. पाच पानं पुरेत. माणसाने सातचं तापमान चारलाच लिहून ठेवलं. याहून निष्काळजीपणा कोणता?"
हा शब्द अहवालात आला की भोईरला चार्जशीट, मग घरी. जळलेल्या हातांच्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवणार.
म्हटलं, "आधी निरीक्षणं मांडते. निष्कर्ष नंतर."
"मांडा. पण निष्कर्ष ठरलाय, एवढं लक्षात असू द्या."

१६ नोव्हें.
आराखडा. शिफ्ट रिपोर्ट म्हणजे काय झालं. ट्रायल रिपोर्ट म्हणजे काय करावं. त्यात शिफारस पहिल्या पानावर, कारण साहेब लोक पुढे उलटत नाहीत. अपघात अहवाल याच्या उलट. घटनाक्रम, पाहिलेलं, ऐकलेलं, तापमानाच्या नोंदी, आणि शेवटी कारण. पाहिलेलं आणि ऐकलेलं एका वाक्यात येऊ द्यायचं नाही.
पहिली तीन पानं झाली. नोंदींपाशी अडकले.

१७ नोव्हें.
माझा जूनचा ट्रायल रिपोर्ट काढला. शिफारस: ॲसिड भांड्यात साडेपाच तासांऐवजी साडेतीन तासांत सोडावं. आधार: वीस बॅच, तापमान ६२ ते ६४ च्या बाहेर एकदाही नाही. साने खूश झाले होते. जुलैपासून तसंच चालू आहे.
ती वीस शीट खिडकीपाशी नेऊन पाहिली. आठ तासांचे आठ आकडे, एका वळणात, एका दमात लिहिलेले. खरं भांडं इतकं शहाणं नसतं.
तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. आलं होतं. ग्राफ सरळ येत होता, म्हणून आवडलं.

१८ नोव्हें.
शुक्रवार, साप्ताहिक सुट्टी. घरी काही न सांगता बदलापूरहून हॉस्पिटलात. भोईरचे हात बँडेजमध्ये, बायको चमच्याने पेज भरवत होती.
"थर्मामीटर वर माडीवर, ॲसिड सोडायचा वॉल खाली. मानूस येक," भोईर म्हणाला. "पयलं साडेपाच तास व्हतं, तवा दोन-तीनदा तरी वर जाऊन बगायचो. आता तुमच्या टायमानं वॉलपासून हलताच येत नाय."
"आणि आकडे?"
"सम्देच भरतान. शिफ्ट लागली का पयलं ता काम."
"जूनमध्ये मला का सांगितलं नाहीत?"
"तुमी इचारला नाय. शीट मांगली, शीट दिली." मग बँडेज वर करून हसला. "आता मना आकडं भरताच येनार नाय. साहेबाला सांगा, सुदारला म्हनावं."
बायको हसली नाही. "मॅडम, यांची नोकरी ऱ्हाईल ना?"
"अहवाल अजून पूर्ण झालेला नाही," एवढंच म्हणाले. उत्तर बरोबर होतं. तिच्या काही कामाचं नव्हतं.

२० नोव्हें.
चौथं पान पाच वेळा लिहिलं. शेवटी:
"तापमान प्रत्यक्ष न पाहता नोंदी आगाऊ भरण्याची पद्धत सर्व शिफ्टमध्ये आहे. जूनच्या ट्रायल रिपोर्टमधील शिफारस अशाच नोंदींवर आधारलेली होती. ती चुकीची होती. वेळ कमी केल्याने उष्णता वाढली आणि ऑपरेटरला वर जाऊन तापमान पाहणे अशक्य झाले. सदर रिपोर्ट प्रस्तुत लेखिकेचा आहे."
भडक शब्द एकही नाही. तरी वाचवत नाही.

२२ नोव्हें.
मोहिनीने टाइप केलं. उल्हासनगरची, कॅम्प चारची. बोटं चालतात तितकीच जीभ. चौथ्या पानावर दोन्ही थांबली.
"दीदी, ये तो आपने अपना ही नाम डाल दिया! दिमाग ठिकाने पे है?"
"टाइप कर."
शेवटच्या पानावर सही केली, कार्बन कॉपी ठेवून घेतली. सान्यांनी दोनदा वाचलं.
"जूनचा रिपोर्ट इन्स्पेक्टरने मागितलाय का? नाही ना? मग आपण होऊन कशाला? एक तारखेला तुमचं कन्फर्मेशन आहे. पोरीच्या जातीने जरा धोरणाने घ्यावं."
"ते पान काढायचं असेल तर माझी सहीही काढा, सर."
"बघू," म्हणाले, आणि फाईल ड्रॉवरमध्ये टाकली.

२३ नोव्हें.
गुरुनानक जयंती, मोहिनी रजेवर. सान्यांनी दिवसभर बोलावलं नाही. मीही गेले नाही. जायला हवं होतं का...

२४ नोव्हें.
इन्स्पेक्टर दहाला आले, अकराला फाईल घेऊन गेले. मला आत बोलावलं नाही.
जेवणाच्या सुट्टीत मोहिनी डबा न उघडता बसली होती.
"साहबने कल जीप भेजी थी, दीदी. त्योहार के दिन. बोले, एक ही पन्ना फिर से टाइप करना है."
"कितवं?"
"चार नंबर. आपका जून वाला पूरा गायब. सिर्फ ऑपरेटर की लापरवाही. मैं क्या करती?"
सही फक्त शेवटच्या पानावर केली होती. प्रत्येक पानावर करायला हवी होती. म्हणजे आता भोईरला घरी पाठवणारा अहवाल माझ्या सहीचा आहे.
सान्यांकडे गेले. त्यांनी वर पाहिलं नाही. "फाईल गेली. विषय संपला. तुमचं कन्फर्मेशनचं पत्र तयार आहे, जाताना घेऊन जा."
पत्र टेबलावरच ठेवून आले. घेतलं नाही, नाकारलंही नाही.
कार्बन कॉपी पर्समध्ये आहे, पाचही पानं. आता प्रत्येकावर सही केली. शाई वाळली.
उद्या शुक्रवार. कारखाना बंद. इन्स्पेक्टरची कचेरी उघडी.