विषयाच्या ओळीत

४ फेब्रुवारी

दादा,

पूर्वीसारखं ‘ती. दादास सा. न.’ असं लिहिणार होते, पण माझ्या कॉम्प्युटरमधली बाई ते एका दमात ‘ती दादास सा न’ असं वाचते, जणू शेजारणीला तुझ्याविषयी काही सांगतेय. म्हणून सरळच लिहिते, नमस्कार. वहिनीलाही. मी मजेत आहे. तुझे गुडघे काय म्हणतात?

तुझा मेल मिळाला. मिळाला कसला, अंगावर आला! अरे, मेलला विषयाची एक ओळ असते आणि तिच्याखाली मजकुरासाठी ऐसपैस जागा असते. तू अख्खं पत्र विषयाच्या ओळीत कोंबतोस आणि खालची जागा कोरी सोडतोस. डोळस माणूस त्यातले चार शब्द बघून पुढं जातो. माझं तसं नाही. आमच्या लिफ्टदुरुस्तीच्या ऑफिसातल्या तक्रारींचे मेल आणि माझे मेल एकाच यादीत येतात. मी बाणाचं बटण दाबत तिच्यातून खाली येते आणि बाई एकेकाचं नाव आणि विषय वाचून दाखवते. अमुक सोसायटी, लिफ्टचं दार लागत नाही. तमुक दवाखाना, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबते. आणि मग, ‘दादा, बारके कशी आहेस आम्ही बरे आहोत वहिनीचा खोकला गेला तुझी खोली तयार झाली फोटो पाठवतोय कधी येतेस ते कळव’. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. नशीब, तिला श्वास लागत नाही.

वहिनीला सांग, शेवटी ती जी छोटी चित्रं टाकते ना, तीही बाई सोडत नाही. ‘जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात, लाल हृदय, जोडलेले हात.’ भर ऑफिसात मी एकटीच हसत सुटले.

फोटोपाशी आल्यावर बाई नुसतं ‘चित्र’ म्हणाली आणि पुढं आकड्यांची माळ वाचली. फोटोत काय आहे ते तिला दिसत नाही. त्या बाबतीत आम्ही दोघी सारख्याच. तेव्हा खोलीत काय काय आहे ते तूच लिही. सुतार माणूस आहेस, मापं तरी नीट सांगशील.

कधी येतेस, त्याचं नंतर लिहिते. आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक दारात उभे आहेत. जन्मभर लिफ्टमागं वरखाली केलं म्हणून सगळे त्यांना खालीवरकाका म्हणतात. त्यांना आजच्या तक्रारी सांगायच्यात.

तुझी बारकी

१३ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. तुझं वर्णन मिळालं. ‘खोली चांगली आहे पलंग आहे खिडकी आहे’. तुरुंगाचंही कुणी असंच करेल! आणि पुन्हा विषयाच्या ओळीतच.

शेवटी चिमणीला फोटो दाखवला. चिमणी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरची बिलं करणारी मुलगी. तिचं तोंड बंद होत नाही म्हणून चिमणी. ती सांगत गेली. पलंग नवा आहे, कोपरे घासून गोल केलेत, टेबलाचेही. खिडकीत कुंडी आहे. मग ती थांबली. चिमणी थांबली म्हणजे काहीतरी खास असणार.

“ताई, भिंतीला लाकडाचा कठडा बसवलाय. पलंगापासून निघालाय तो थेट बाथरूमच्या दारापर्यंत. धरून चालायला असेल ना?”

“असेल,” म्हटलं आणि पाणी प्यायला उठले.

तू विचारलं होतंस, हे सगळं जमतं कसं. ऐक. सकाळी आल्या आल्या कानाला हेडफोन लावते. बाईला इतक्या वेगानं बोलायला लावते की शेजारच्याला ऐकू गेलंच तर नुसती भुणभुण वाटावी. आधी यादी ऐकते. जाहिराती तिथल्या तिथं उडवते, तक्रारी मेकॅनिकांच्या नावानं लावते, पैशांचं सगळं चिमणीकडे आणि मालकीणबाईंच्या नावाचं त्यांच्याकडे पाठवते. उत्तरंही मीच लिहिते. टायपिंग तर डोळे होते तेव्हाच बोटांत बसलं होतं, त्याला कधी डोळ्यांची गरज नव्हती. गंमत म्हणजे हे मला डोळे गेल्यावर कळलं. सुरुवातीला घोळ घातले, नाही असं नाही. एकदा खालीवरकाकांना पाठवायचा ‘काका, डबा खाऊन मगच जा’ हा मेल सगळ्या सोसायट्यांना गेला. काही जणांनी ‘धन्यवाद, जेवलो’ असं उत्तरही दिलं.

परवा मात्र मी जाम खुश होते. नवा मेल आला की बाई टोकते. एक माणूस लिफ्टमध्ये अडकला होता, आत फोन लागेना, पण मेल कसाबसा सुटला. विषय एवढाच, ‘अडकलोय’. पत्ता नाही, काही नाही. पण हा गृहस्थ दर आठवड्याला लिफ्ट कण्हते म्हणून तक्रार करतो, त्यामुळे त्याची इमारत मला पाठ. मी पुढचा मेल उघडेपर्यंत काका निघालेसुद्धा होते. संध्याकाळी त्याचा मेल आला, ‘तुम्ही नसता तर रात्र आत काढावी लागली असती.’ तो मी कमी वेगानं ऐकला. एरवी हा मान फक्त तुझ्या मेलला असतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही, माहीत आहे. सोमवारी ऑफिसच्या पत्त्यावर एक मेल आलाय, त्यानं माझं डोकं धरलंय. अशा वेळी मी तुला विचारते. या वेळी नेमकं तुलाच विचारता येत नाही.

तुझी बारकी

१८ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. आता आडपडदा पुरे.

तू मालकीणबाईंना मेल लिहिलास. पत्ता आमच्या पाटीवरून घेतला असशील, तो ऑफिसचा पत्ता आहे. आणि ऑफिसच्या पत्त्यावर आलेला मेल सगळ्यांत आधी कोण ऐकतं, वेड्या? मी. मी तो उघडलासुद्धा नाही. उघडायची गरजच नव्हती, कारण सवयीप्रमाणे तू सगळं विषयाच्या ओळीत लिहिलं होतंस. मी आपली खाली खाली येत होते आणि बाई तिच्या नेहमीच्या सपाट आवाजात म्हणाली, ‘मालकीणबाईंना नमस्कार माझी धाकटी बहीण आपल्याकडे नोकरीस आहे तिला दिसत नाही आपण दयेपोटी तिला ठेवून घेतलं उपकार आहेत पण ती एकटी राहते मला झोप लागत नाही कृपया महिनाअखेर तिला कामातून मोकळं करा ती रागावेल म्हणून मी लिहिल्याचं तिला कळू देऊ नका’.

आधी वाटलं, चुकीचं ऐकलं. पुन्हा वर गेले, वेग कमी केला, पुन्हा ऐकलं. रागावले मी. कॉम्प्युटर बंद करून जिन्यात जाऊन बसले. मला न विचारता माझी नोकरी सोडवायला निघालास!

पण दादा, खरं सांगू? राग दुपारपर्यंत ओसरला. ‘दयेपोटी’ हा शब्द मात्र गेला नाही. कारण ती शंका माझ्याही मनात होती, फक्त तिला मी कधी तोंड उघडू दिलं नव्हतं. मालकीणबाईंनी मला ठेवलं ते माझ्या कामासाठी, की बिचारी जाईल कुठं म्हणून? दया असेल, तर तुझं बरोबर आहे. मग तुझा कठडा धरून चाललेलं काय वाईट?

डिलीटचं बटण बोटाखालीच होतं. दाबलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. ना तुला, ना त्यांना. मी तुला महिनाअखेरपर्यंत गोडगोड पत्रं लिहिली असती आणि तू उत्तराची वाट बघत बसला असतास. आठवडाभर तो मेल तसाच ठेवला, रोज त्याच्यावरून गेले. पण त्यांच्या नावाचा मेल त्यांना पोचवायचा, हे माझं काम. तेवढंही मी केलं नाही, तर मला ठेवायला दयेशिवाय दुसरं कारण उरतंच कुठं? काल सकाळी पाठवून दिला.

जेवायच्या सुट्टीआधी बोलावणं आलं.

“बसा,” मालकीणबाई म्हणाल्या. “तुमच्या भावाला माहीत नाही का, इथले मेल कोण बघतं?”

“लिहिलं तेव्हा नव्हतं. त्याला वाटलं तुम्हीच बघता.”

“मी?” त्या हसल्या. “मागच्या वर्षी तुम्ही तापानं घरी होतात. त्या आठवड्यात एका दवाखान्याची तक्रार चिमणीच्या ढिगात गेली, कुणाला दिसली नाही. ते गिऱ्हाईक आपण गमावलं. दया-बिया मला परवडत नाही हो. धंदा करते मी.”

मी मान हलवली.

“जायचं असेल तर अडवणार नाही. भाऊ आहे, काळजी वाटणारच. पण त्यांना उत्तर गेलं पाहिजे. लिहा.”

“काय लिहू?”

“ते मी कसं सांगणार? उत्तरं लिहिणं तुमचं काम आहे.”

तर दादा, हे ऑफिसकडून उत्तर समज. आपला मेल मिळाला. सदर कर्मचारी कामावर राहू इच्छिते, आणि ऑफिसलाही ती हवी आहे. कळावे.

आणि हे माझ्याकडून. एकटं राहणं सोपं नाही. दूध उतू जातं, चपला सापडत नाहीत, कधी भीतीही वाटते. पण सकाळी हेडफोन लावला की ती यादी माझी असते, आणि तिच्यातला एकेक माणूस माझी वाट बघत असतो. तुझ्याकडे आले तर तू आणि वहिनी मला पाण्याचा ग्लासही हातानं घेऊ देणार नाही. तुमच्या मायेनं मी आळशी होईन रे. रोज संध्याकाळी दार लावलं की तुला फोन करत जाईन, म्हणजे तुला झोप लागेल.

तो कठडा काढू नकोस. चिमणीला मी पुन्हा फोटो दाखवायला लावला. ती म्हणाली, कुठं खिळा दिसत नाही, नुसतं चकचकीत लाकूड. कुसळ लागू नये म्हणून किती वेळ घासत बसला असशील, ते मला न बघताही कळतं. मे महिन्यात सुट्टी घेऊन येते. पलंगापासून दारापर्यंत एकदा नीट हात फिरवून बघेन. मग तो तुम्ही दोघं वापरा. गुडघे तुझे दुखतात, माझे नाहीत.

एवढं सगळं तू वाचशील की नाही, देव जाणे. म्हणून वर विषयाच्या ओळीत तुझ्याच पद्धतीनं लिहिलंय, ‘दादा राहायला येत नाही सुट्टीला येते कठडा राहू दे रागावले होते आता नाही निवांत झोप’.

आपली विश्वासू,
आलेला प्रत्येक मेल सर्वांत आधी ऐकणारी,
बारकी